अव्वांचा खडा

रोज सकाळी अव्वा विहिरीत एक खडा टाकत. बोराएवढा, धुऊन घेतलेला. टाकून झाल्यावर मान कलती करून उजवा कान विहिरीकडे लावत, आणि खालून आवाज आला की घराकडे तोंड करून म्हणत, "हाय अजून."

घरातून अप्पांचा आवाज येई, "मंग च्या टाक."

त्या वस्तीवरचा दिवस या दोन वाक्यांनी सुरू होई. माणसांचाच नव्हे, जनावरांचाही. पाण्यात खडा वाजला की बिळी ही पांढरी घोडी आणि सुलतान हा म्हातारा टांग्याचा घोडा कान टवकारून दगडी डोणीकडे चालू लागत. त्यांच्यामागून वाघ्या कुत्रा, एका पायाने लंगडणारी शेळी, आणि आपला या गर्दीशी काही संबंध नाही असे दाखवणारे मांजर. अव्वा पोहरा ओढून डोण भरत. जनावरांचे झाल्यावर माणसांचे. "मुक्याचं आधी. आपुन काय, वरडून मागू," असे त्या म्हणत.

मला ओरडून मागणे कधीच जमले नाही. कदाचित म्हणूनच हे वाक्य माझ्या लक्षात राहिले असेल.

मी तेव्हा उस्मानाबादला एका शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. ऐंशीनंतरच्या त्या दुष्काळात सहकारी सोसायटीने बेंबळी गावाच्या अलीकडे जनावरांची छावणी उघडली होती, आणि सुट्टीत मदतीला यावे असे शाळाशाळांना कळवले होते. मी गेले. कडब्याची पेंढी उचलताना ती सुटे, आणि शेतकऱ्यांशी बोलताना माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. छावणीप्रमुख सभ्य गृहस्थ होते. मला कोणते काम द्यावे ही त्यांची एक वेगळीच अडचण होऊन बसली होती.

ती अडचण अव्वांनी सोडवली. त्या एका दुपारी बिळीला घेऊन छावणीच्या फाटकाशी आल्या. छावणीत गाय, बैल, म्हैस यांनाच प्रवेश होता. घोड्याचा उल्लेख नियमांत कुठेच नव्हता.

"घोडं जनावर न्हाय व्हय?" अव्वांनी विचारले.

"आहे हो अव्वा, पण छावणीतलं नाही," प्रमुख म्हणाले.

"मंग कशातलं?"

प्रमुखांनी इकडेतिकडे पाहिले, त्यांना मी दिसले, आणि ते उत्साहाने म्हणाले, "तुम्हांला मदतीला एक माणूस देतो!" अव्वांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळले. "कडबा मागितला तर बाई दिली," असे त्या बिळीला म्हणाल्या, आणि मी त्यांच्यामागून चालू लागले.

वस्ती माळावर होती. विजेचे खांब गावाच्या वेशीपाशीच थांबले होते. घर दोन खणांचे, शेजारी घोड्यांची पागा, पुढे विहीर. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला होता आणि रजा मिळेल तेव्हा येई. अव्वांचे यजमान अप्पा माळवदावरून पडल्यापासून बाजेवर होते. बाजेवर बसून ते वरातीच्या झुलेची कलाबूत शिवत आणि पितळी घुंगरे चिंचेने घासत. बिळी भोवतालच्या गावांत नवरदेवाची घोडी म्हणून प्रसिद्ध होती. त्या वर्षी लग्ने देवळातल्या देवळात उरकली जात होती. "औंदा समदे नवरदेव पायी," अप्पा म्हणत, "तरी बायका मिळाल्याच की त्यास्नी." आणि पुन्हा घुंगरू घासायला घेत.

अव्वांचे माहेर कर्नाटकाच्या हद्दीलगतचे. बिळीची पणजी त्यांच्या लग्नात माहेराहून आली होती. तेव्हापासून अव्वा मराठीत माणसांशी भांडत आणि कन्नडात घोड्यांशी बोलत. 'बा' म्हणजे ये, 'निल्लु' म्हणजे थांब, 'कुडी' म्हणजे पी. माझ्या मराठी विनवण्यांकडे बिळी सौजन्याने दुर्लक्ष करी. आठवडाभराने मी धीर करून "निल्लु" म्हटले, तर ती खरोखरच थांबली. एखाद्या प्राण्याने माझे ऐकल्याचा तो आयुष्यातला पहिलाच प्रसंग. पुढे काय करायचे ते न सुचल्याने मीही तिच्याशेजारी थांबून राहिले.

मी घोड्यांना खरारा करी, लीद भरी, अप्पांना पाणी देई. पण खरे सांगायचे तर त्या दिवसांत आम्ही सगळे एकच काम करत होतो. त्या खड्याच्या आवाजाकडे कान लावून होतो.

त्याचे कारण अव्वांनी मला खरारा करता करता सांगितले होते. वाईट वर्षी खड्याचा आवाज खोल जाऊ लागला की किती दिवस निभतील याचा त्यांना अंदाज येई, आणि पाणी संपण्याच्या आधीच त्या घोडी घेऊन चालत माहेरी जात. तिथला ओढा आटत नसे. त्या वर्षी मात्र बिळी गाभण होती आणि दिवस भरत आले होते. "आता हिला चालिवली तर वाटंतच जाईल," त्या म्हणाल्या. "शिंगरू हुईस्तवर हिरीनं दम धरला पायजे. त्या आधी आटली तर..." त्या बिळीच्या पोटावरून हात फिरवत राहिल्या. त्या हाताखाली आत काहीतरी हलले. आम्ही दोघींनी ते पाहिले.

त्यानंतर रोज सकाळी खडा हातातून सुटला की आवाज येईपर्यंत मी मनात आकडे मोजत असे. तो अवकाश दिवसेंदिवस लांबत होता. आधी 'डुबुक' असा भरीव आवाज येई, मग 'टुपुक', मग नुसता 'टप्'. अव्वांचे वाक्य मात्र बदलत नव्हते.

शेवटी मला राहवेना. मी छावणीवर गेले, प्रमुखांच्या टेबलासमोर बराच वेळ उभी राहिले, आणि त्यांनीच "काय हवंय?" असे विचारल्यावर टँकर मागितला. त्यांनी तो दिला. वस्तीवर परतताना मला इतका आनंद झाला होता की वाटेत मी मोठ्याने बोलत होते.

टँकर आला. ड्रायव्हरने जाड पाइप खांद्यावर घेऊन विचारले, "अव्वा, कुठं सोडू?"

"कुठंबी सोड, हिरीत न्हाय."

"मंग काय टोपल्यात सोडू?"

"डोणीत सोड. हंड्यात सोड. हिरीत उसनं पाणी पडलं की ती खोटं बोलाया लागती. तू आज आलास, उद्या न्हाय आलास, तर माझी हीर काय म्हणती ते मला कसं कळावं?"

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. डोण भरली, हंडे भरले, तांब्याचे घंगाळ भरले, कढई भरली. उरलेला टँकर पाणी सांडत पुढच्या वस्तीकडे निघून गेला. वाघ्या त्या ओल्या रेघेचा वास घेत फाट्यापर्यंत जाऊन आला.

बाजेवरून अप्पा म्हणाले, "घरी लक्षुमी आलती. हिनं तिला म्होरची वाट दावली."

अव्वा म्हणाल्या, "तुमी घुंगरं घासा."

वाचकहो, आपण माझ्या जागी असता तर त्यांच्यावर रागावला असता. मीही रागावले होते, पण राग दाखवण्याचा मला सराव नव्हता. शिवाय त्यांचे म्हणणे चूक आहे असेही मला खात्रीने वाटत नव्हते. अव्वांना पाण्यापेक्षा पाण्याची खरी बातमी हवी होती. मला भीती होती ती बिळी बातमीवर जगणार नाही, एवढीच.

हंडे संपले, घंगाळ संपले. मग ती सकाळ आली. अव्वांनी खडा टाकला. मान कलती केली. खालून 'टक्' असा आवाज आला. दगडावर दगड वाजल्याचा. कोरडा.

अव्वा तशाच उभ्या राहिल्या. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी ऐकले आहे हे त्यांना कळले, आणि माझ्यावरची नजर न काढता त्या घराकडे तोंड न वळवताच मोठ्याने म्हणाल्या, "हाय अजून."

घरातून लगेच उत्तर आले नाही. मग आले, "मंग च्या टाक."

अव्वा माझ्याजवळ आल्या. "पोरी," त्या म्हणाल्या. एरवी त्या मला 'बाई' म्हणत. "त्यो टँकर... अजून यील का गं?"

मी घरात पदर खोचायला गेले तेव्हा अप्पा हळूच म्हणाले, "बिगी जा. मला काय दगडाचा आवाज कळत न्हाय व्हय? पर तिला सांगू नगंस."

छावणीप्रमुख चिडलेले होते, आणि ते साहजिकच होते. "परवा परत पाठवला आणि आज पाहिजे? तुमच्या अव्वांना सांगा, टँकर म्हणजे वरातीची घोडी नव्हे, हवी तेव्हा दारात उभी राहायला!" भोवतीची माणसे हसली. एरवी मी तेवढ्यावर परत फिरले असते. त्या दिवशी माझे पाय वळले नाहीत. मी म्हणाले, "साहेब, घोडी आज-उद्या व्यायची आहे. डोणीच्या तळाशी तिच्यापुरतं एक वेळचं पाणी आहे. आणि अव्वांनी मला पाठवलं नाही, त्यांनी मला विचारलं. त्या कधी कुणाला काही विचारत नाहीत." माझा आवाज टेबलापलीकडे पोहोचला असावा. प्रमुखांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "उद्या पहिल्या खेपेला बघतो." मी परतले ते हे 'बघतो' घेऊन.

दुसऱ्या दिवशी आम्ही माळाच्या टोकाकडे डोळे लावून बसलो. बिळीने डोणीचा तळ चाटला. ऊन चढले. दोनदा धुरळा दिसला. दोन्ही वेळा ती वावटळ होती. तिसऱ्या वेळी वाघ्या भुंकला.

ड्रायव्हरने या खेपेला काही विचारले नाही. पाइप विहिरीच्या काठावर ठेवून तो थांबला. अव्वांनी काठावर मांडून ठेवलेले खडे गोळा करून ओच्यात घेतले, खाली वाकून विहिरीला म्हणाल्या, "आता तू गप ऱ्हा," आणि बाजूला झाल्या. पाणी आत कोसळू लागले. इतका मोठा आवाज त्या विहिरीतून मी कधी ऐकला नव्हता. अव्वा तिकडे पाठ करून उभ्या होत्या. संध्याकाळची डोण त्यांनी पाइपाखालीच भरून घेतली.

दुसऱ्या सकाळी त्यांनी खडा टाकला नाही. सरळ पोहरा सोडला, डोण भरली आणि हाक मारली, "बा, बा." बिळी आली. डोणीशी उभी राहिली. पाण्याला तोंड लावीना. तिचे कान विहिरीकडे होते. सुलतानही तसाच.

"कुडी," अव्वा म्हणाल्या. "कुडी गं माझी बाय." त्यांनी ओंजळीने पाणी पाजून पाहिले, पाण्यात गूळ कालवून पाहिला. बिळी पाण्याचा वास घेई, मान वर करी आणि वाट पाही. ऊन चढत गेले. तिच्या कुशी आत गेल्यासारख्या दिसू लागल्या.

अप्पा बाजेवरून ओरडले, "अगं, खडा टाक की!"

"कशाला? खोटं ऐकाया?"

"तुला कोण ऐक म्हनतंय? घोडीसाठी टाक."

अव्वांनी ओच्यातून एक खडा काढला. डोक्यावरचा पदर पुढे ओढून दोन्ही कानांवरून घट्ट गुंडाळला, एका हाताने तो दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने खडा सोडला.

'डुबुक.'

बिळीने मान खाली घातली आणि ती पिऊ लागली. तिच्या गळ्यातून एकेक घोट जाताना दिसत होता. मी नकळत सुलतानाच्या मानेवर डोके टेकवले. त्यानेही हरकत घेतली नाही.

त्यानंतर रोज असेच झाले. कान बांधून खडा. अव्वा काही म्हणत नसत. अप्पा आतून विचारत, "हाय का?" कान बांधलेले असल्यामुळे अव्वांना ते ऐकू जात नसे. मग अप्पा स्वतःच उत्तर देत, "हाय म्हनं. च्या टाक."

शिंगरू झाले ते मादी, काळेभोर. ते पांढरे होत जाईल असे अव्वा म्हणाल्या. माझी सुट्टी संपली होती. फाट्यावर एसटीत बसवताना त्यांनी मला, बिळीला देत तशी, मानेवर एक हलकी थाप दिली. "जा," म्हणाल्या, "आन जरा मोठ्यानं बोलत जा."

पुन्हा जाणे अनेक वर्षे झाले नाही. गेले तेव्हा अप्पा नव्हते आणि अव्वाही नव्हत्या. मुलगा कारखाना सोडून वस्तीवर राहायला आला होता. खांब माळावर पोहोचले होते. विहिरीवर मोटार बसली होती. पागेत एक पांढरी घोडी होती. मुलाने बटण दाबले, डोण भरली. घोडी येऊन उभी राहिली, पण पिईना.

"हिला आमच्या आईचं लई वेड लागलंय," तो म्हणाला, आणि वाकून वाटेवरचा एक खडा उचलून त्याने विहिरीत भिरकावला. आवाज येण्याच्या आधीच पाठ फिरवून तो चहाचे सांगायला घरात गेला.

आवाज कसा येतो, हे ऐकायला तिथे दुसरे कोणी नव्हते. म्हणून मी मान कलती केली, आणि ऐकले. घोडीने मान खाली घातली.

"हाय अजून," मी म्हणाले. पुरेशा मोठ्याने म्हणाले असावे, कारण घोडीने पिता पिता एक कान माझ्याकडे वळवला.