रिकाम्या डब्याचा नंबर

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. मी चौथी नापास माणूस, उंद्रीत पिठाच्या गिरणीवर कामाला. मालक माझ्याच वयाचा, भुवयांवर कायम पीठ. तो निवडणुकीला उभा राहिला तेव्हा मी तोंडावर म्हणलो, "मालक, गिरणी सांभाळा. ते काम आपलं नाही." तो हसला, अन् निवडून आला. इंजिनाचा पट्टा माझ्यासंगं चढवणारा माणूस मुंबईत विधानसभेत बसला, हे मला अजून खरं वाटत नाही.

गिरणीवर बायका डबे रांगेत ठेवून शेतात निघून जायच्या. डबा हाच नंबर. तो पाटलाचा असो की मजुराचा, कोणी हलवायचा नाही.

आमदार होऊन मालक पहिल्यांदा गिरणीवर आला, त्या दिवशी माझ्या बायकोनं रांगेत डबा ठेवला. त्यानं झाकण काढलं. आत काहीच नाही.

"वहिनी, दळण कुठं हाय?"

"दळण नाही आणलं भाऊ, नंबर लावला. गावात बाळंतपणाले नर्सबाई पाह्यजे. माहं पह्यलं लेकरू चिखलीच्या रस्त्यावर बैलगाडीत गेलं. दुसऱ्याच्या वक्ताले मी गाडीत बसत नाही."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "आता रिकामे डबेबी दळतात काय व?"

मालक हसला नाही. म्हणाला, "राहू द्या इथंच. काम झाल्याबिगर हा डबा हलवायचा नाही."

मला लाज वाटली. तो मुंबईला गेला तसा मी डबा उचलून घरी आणला. परत आल्यावर तो माझ्यावरच ओरडला, "नंबराचा डबा हलवला काऊन बे? गिरणीवर इतके वर्ष काय शिकला?" मी मुकाट्यानं नेऊन ठेवला.

दोन पावसाळे तो डबा रांगेच्या तोंडाशी होता. मालक अधिवेशनाहून आला की आधी डब्याकडे बघायचा अन् मान खाली घालायचा. आमदार पत्र्याच्या डब्यापुढं मान खाली घालतो! पुढं मी मोठमोठे पुढारी पाहिले, पण हे दुसऱ्या कोणात पाहिलं नाही.

बायकोला सातवा महिना लागला अन् एसटीतून नर्सबाई उतरली. तिची ट्रंक मालकाच्या डोक्यावर. तिला खोलीवर सोडून तो गिरणीवर आला, डबा धोतराच्या सोग्यानं पुसला अन् आमच्या दारात आणून ठेवला.

"घ्या वहिनी, झाला तुमचा नंबर."

"लई उशीर केला भाऊ."

"हाव," तो म्हणाला. बस, एवढंच.

मुलगी झाली, घरातच. मालक त्या दिवशी गावात होता. ती रडलेली ऐकू यावी म्हणून त्यानं चालू दळणात इंजिन बंद केलं.

मालक जाऊन वर्षं झाली. आता बायकोही गेली. तिचं तेरावं झाल्यावर मुलगी घर आवरत होती. म्हणाली, "बाबा, या डब्याले भोक पडलं. टाकून देऊ?"

मी म्हणलो, "हलवू नको. नंबराचा हाय तो."