डहाणूची भट्टी
लाखेचा वास आला की डहाणूची ती दारूची भट्टी आठवते. पन्नासच्या सुमारास दारूबंदी लागू झाली आणि तीन पिढ्या चाललेली ती भट्टी बंद करायला अबकारी कारकून म्हणून मी गेलो. बाकीचे कामगार निघून गेले होते. जवळच्या कैनाड गावचा एक म्हातारा कामगार तेवढा तांब्याचा मोठा हंडा चिंच आणि राखेने घासत बसला होता. मोहाच्या फुलांचा आंबूस वास अजून भिंतींना होता. "आता कोण वापरणार आहे तो?" मी विचारलं. "खरकटा कसा ठेवू, साहेब?" तो म्हणाला. त्याने हंडा पुसून उपडा घातला, मी दाराच्या कुलपावर लाखेचं सील लावलं. मग त्याने विचारलं, "उद्या कवा येऊ?" मी म्हणालो, "उद्या काम नाही." "मंग परवा येतो," म्हणत तो निघाला. मी किल्ली खिशात टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनकडे जाताना तो भट्टीच्या पायरीवर बसलेला दिसला, शेजारी फडक्यात बांधलेली भाकरी. मी सरळ पुढे गेलो. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आताही एवढंच आठवतं, की गाडीला अजून अर्धा तास होता.