जुन्या लॅपटॉपवरचा पूल

हिस्केनं पूल सोडला त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं. सोडला म्हणजे खरं तर पूलच तिच्याकडून सुटला. नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड प्रांतातल्या त्या कालव्यावरचे सगळे उचलपूल शहरातल्या एका खोलीतून, कॅमेऱ्यात बघून उघडले-मिटले जाऊ लागले आणि ती जिथून पूल चालवायची त्या पुलावरच्या केबिनला कुलूप लागलं. तिला त्या खोलीतली नोकरी देऊ केली होती. एक दिवस जाऊन ती बघूनही आली. माणसं चांगली होती, कॉफीही चांगली होती, पण तिथे वारा नव्हता. तिनं नको म्हणून सांगितलं आणि त्याचा तिला कधी पस्तावाही झाला नाही. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो पूल आपला आपण वर जाताना दिसला की हातातलं काम थांबायचं.

एकदा असंच झालं. ती बटाटे सोलत होती. रस्त्यावरून दुधाचा टँकर येत होता आणि कालव्यातून उंच डोलकाठीची एक होडी. दोघांपैकी आधी कुणाला सोडावं हे हिस्के सवयीनं मनातल्या मनात ठरवत बसली, आणि तिच्या लक्षात आलं की हा तर चक्क खेळ आहे. केबिनमध्ये रिकाम्या वेळी फोनवर असले बारके खेळ ती पुष्कळ खेळली होती. मग आपल्या पुलाचाच एक का करू नये?

नवऱ्याला, सीत्सेला, तिनं हे सांगितलं तेव्हा त्यानं वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही.

"कर की. पण कशावर करणार?"

"मुलीचा लॅपटॉप आहे ना माडीवर. चालतोय अजून."

"चालतोय कसला, रांगतोय तो."

लेक शाळेत असतानाचा तो जाडजूड लॅपटॉप होता. लेक आता ग्रोनिंगनला आपल्या संसारात होती. सीत्से म्हणाला, नवीन घेऊ, त्यात काय एवढं. पण आजोबांच्या काळातला पूल वंगण घालघालून चालवलेली बाई ती. चालती वस्तू बाजूला सारणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

बुधवारी तिनं लॅपटॉप सायकलच्या पिशवीत घातला आणि गावच्या समाजघरात डुर्ककडे नेला. डुर्क तिचा वर्गमित्र. जन्मभर टीव्ही दुरुस्त केले आणि आता निवृत्तीनंतर दर बुधवारी टेबल मांडून लोकांचे दिवे, टोस्टर, रेडिओ नीट करून द्यायचा. तिची कल्पना ऐकून तोच तिच्याहून जास्त पेटला. मोठमोठ्या कंपन्या खेळ बनवायला जे सॉफ्टवेअर वापरतात तेच घ्यायचं, म्हणाला, फुकट मिळतं, त्यात खरंखुरं पाणी दिसतं, पाण्यावर ऊनसुद्धा दिसतं. त्यानं ते उतरवून घ्यायला लावलं. तोवर दोघांची कॉफी झाली, गावातल्या सगळ्यांची चौकशी झाली, एका म्हातारीची इस्त्रीही नीट झाली. शेवटी ते उघडलं तेव्हा लॅपटॉपचा पंखा असा घोंघावायला लागला की पलीकडच्या टेबलावर पत्ते खेळणाऱ्यांनी मान वळवून पाहिलं. पडद्यावर एक करडी चौकट आली आणि तिथेच अडकली. मग सगळंच काळं झालं.

डुर्कनं लॅपटॉपच्या पाठीला हात लावून बघितला. चांगलाच तापला होता.

"याचा चित्रं काढणारा भागच जुना आहे," तो म्हणाला. "याला हे झेपायचं नाही. दुसरा घे, हिस्के."

"दुसरा लॅपटॉप नको. दुसरं सॉफ्टवेअर बघ."

पुढच्या बुधवारी त्यानं तिला इंटरनेटवरच चालणारं एक दाखवलं. लिहायचं काहीच नाही, रंगीत ठोकळे एकात एक अडकवत गेलं की झालं. हिस्केला ते फार आवडलं. घरी बसून आठवड्याभरात तिनं फाटक केलं, पूल केला, एक होडीही केली. पण होडी पाण्यावरून जायची तशी जाईना. दोन हात सरकायची, थबकायची, मग एकदम पुढे उडी मारायची. पूल उचलायचं बटण दाबलं तर लॅपटॉप आधी विचार करायचा आणि मग पूल हलायचा. बाकी कुठल्या खेळात हे चालूनही गेलं असतं. इथे सगळी मजाच वेळेवर बटण दाबण्यात होती.

ती जरा हिरमुसून परत समाजघरात गेली. डुर्कनं या खेपेला लॅपटॉप उघडलाच नाही. हातातला पेचकस खाली ठेवून त्यानं विचारलं, तुला खेळात नक्की हवंय तरी काय? पाणी, ती म्हणाली, काठचं लव्हाळं, चर्चचा मनोरा, पावसाळी आभाळ. बरं, आता पुलावरचा एखादा अवघड दिवस सांग, तो म्हणाला. मग हिस्के सांगायला लागली. पश्चिमेचा वारा सुटलाय, होडीला मागून ढकलतोय, नावाड्याला थांबता येत नाहीये. रस्त्यावर टँकर, त्याच्यामागे शाळेची मुलं सायकलींवर. फाटक पाडावं तर एक पोरगी अजून पुलावरच. हात बटणावर, नजर पोरीवर. सांगता सांगता ती उठून उभी राहिली होती.

ती थांबल्यावर डुर्क म्हणाला, "पाणी एकदाही आलं नाही बघ तुझ्या बोलण्यात. मनोराही नाही."

हिस्के खाली बसली. खरंच आलं नव्हतं.

त्यानंतर निवडायला वेळ लागला नाही. डुर्कच्या माहितीत एक अगदी बारकं सॉफ्टवेअर होतं, कुणीतरी हौसेनं एकट्यानं केलेलं. त्यात रंग मोजकेच, चित्रं चौकोनी ठिपक्यांची आणि आवाज म्हणजे नुसतं टीं टीं. शिवाय सूचना ओळीओळीनं स्वतः लिहाव्या लागत, त्याचीच तिला धास्ती वाटली. पण त्या जुन्या लॅपटॉपवर ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडलं. पंखाही वाजला नाही. तिनं डुर्कनं करून दिलेली ठिपक्यांची एक होडी डावीकडून उजवीकडे नेऊन पाहिली. होडी सरळ, शांत गेली.

"हेच," हिस्के म्हणाली.

सगळा हिवाळा त्यात गेला. कालवा गोठला, लोक स्केट घालून बर्फावरून घसरत शेजारच्या गावी जाऊन आले, आणि हिस्के माडीवर बसून ओळी लिहीत, खोडत राहिली. पहिला महिनाभर तिचा पूल वर जायचा तो खाली यायचाच नाही. मग एक दिवस तो खाली आला. कालवा म्हणजे निळा पट्टा, पूल म्हणजे करडी काठी, होड्या म्हणजे तीन रंगांचे त्रिकोण. पूर्वी दोरीला लाकडी बूट बांधून तो होडीवर सोडायची आणि त्यात नावाड्याकडून पुलाची पट्टी घ्यायची पद्धत होती, तो बूटही तिनं घातला. आणि वारा घातला. वारा जमवायला तिला सगळ्यात जास्त कष्ट पडले.

पहिल्यांदा खेळायला बसला तो सीत्से. त्यानं आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला होता, आणि पुलापाशी खोळंबला की चरफडलाही होता. त्यामुळे खेळात तो प्रत्येक टँकर आधी सोडी. होड्या एकमेकींवर आदळत, लव्हाळ्यात घुसत, आणि खेळ संपे. तो पुन्हा सुरू करी. हिस्के शेजारी बसून मोजा विणत होती. चारदोन डाव हरल्यावर त्यानं टँकर फाटकाशी थांबवला आणि पडद्याकडे बघून पुटपुटला, "थांब की लेका जरा. काय आग लागलीय?"

हिस्केचे टाके चुकले, इतकी ती हसली. सीत्सेही हसला. मग त्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली.

"एकदा उन्हाळ्यात मी तुला सगळ्यांदेखत बोललो होतो," तो म्हणाला. "टँकरातलं दूध तापत होतं, आणि तू एका होडीसाठी पूल उचललास."

"आठवतंय."

"त्या होडीला थांबवता आलं नसतं, नाही का?"

"नसतं आलं. वारा मागून होता."

त्यानं मान हलवली आणि पुढचा डाव मांडला.

वसंतातल्या गावजत्रेत डुर्कनं तो लॅपटॉप समाजघरात मांडून ठेवला. लोक खेळले, हरले, एकमेकांना चिडवत राहिले. शहरातल्या त्या खोलीत बसून हाच पूल उघडणारी यिल्डौ नावाची तरुण मुलगी आपल्या मावशीकडे जत्रेला आली होती, तीही बसली. तिनं पहिल्याच डावात दोन होड्या बुडवल्या आणि खुर्चीत मागे रेलून मनापासून हसली. मग नीट खेळायला लागली. बऱ्याच वेळानं तिनं हिस्केला विचारलं, "काकू, यात वारा नेहमी पश्चिमेचाच का असतो? मला खरा त्रास देतो तो पूर्वेचा. तेव्हा होड्या पलीकडून येतात, आणि तिथे माझा कॅमेरा तिरका आहे."

हिस्केनं जीभ चावली. इतकी वर्षं पुलावर काढून पूर्वेचा वारा ती साफ विसरली होती. केबिनची खिडकी पश्चिमेला होती, त्यामुळे असेल. ती यिल्डौच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि पूर्वेच्या वाऱ्यात होडी किती लांबून दिसते, वळणावर तिचा वेग किती राहतो, असं एकेक विचारू लागली. यिल्डौ हातवारे करून सांगत होती. दोघींच्या कॉफीवर साय धरली.

घरी आल्यावर सीत्सेनं सूप गरम करायला ठेवलं आणि जिन्यातून हाक मारली. हिस्के वर लॅपटॉप उघडून बसली होती. येते, म्हणाली, फक्त एवढी वाऱ्याची एक ओळ उलटी करून बघते.