रांजणाजवळचं थंडीचं झाड

उदगीरच्या जगदेवीअव्वांना दुपारची जेवणं झाली की मागच्या पडवीत, रांजणाशेजारी चटई टाकून आडवं व्हायची सवय होती. रांजण पाझरायचा, खालची फरशी ओलसर व्हायची, आणि भर उन्हाळ्यात गावात जेवढा म्हणून गारवा शिल्लक असेल तेवढा त्या हातभर जागेत येऊन बसायचा. त्याच गारव्यात एक कुंडी होती. कुंडीत तीन पानं. गवताचीच म्हणावीत, जरा रुंद आणि मधोमध घडी पडलेली. माहीत नसलेल्या माणसानं उपटून टाकली असती. पण ते ताडाच्या जातीचं झाड होतं. आपल्याकडच्या शिंदीसारखं उन्हातलं नव्हे. अंगावर बर्फ झेलणारं, थंड डोंगरातलं.

त्यांचा मुलगा अमरनाथ तिकडं मुनस्यारीला, हिमालयात, रस्त्यांच्या कामावर होता. तिथंच त्यानं लग्न केलं, तिथंच घर केलं, आणि त्या घराच्या दारात असलं एक मोठं झाड होतं. खोडाला काळपट केस, माथ्यावर हिरवे पंखे. अव्वांनी ते फोनवरच पाहिलेलं. दम्यामुळं डॉक्टरांनी उंचावर जायला साफ मनाई केली होती. मग एका दिवाळीला येताना अमरनाथनं रुमालात बांधून त्याच्या बिया आणल्या.

"अव्वा, तुला तिकडं नेता येत न्हाई. हे घे."

त्या बियांवर अव्वांनी जीव लावला. वाटीत भिजवल्या, रोज पाणी बदललं, वरची निळसर साल अंगठ्यानं चोळून काढली. नारळाच्या काथ्याचा ओला भुसा डब्यात भरून त्यात त्या ठेवल्या आणि डबा रांजणाखाली सरकवला. मग रोज झाकण उघडून बघायचं. नवरा शिवप्पा भाजी बाजारातल्या आपल्या भांड्यांच्या दुकानाला निघता निघता हसायचे.

"उघडून उघडून बघितल्यावर भाकर तरी फुगती का?"

शिवरात्रीच्या सकाळी एका बीतून पांढरं मूळ खाली उतरलेलं दिसलं. पाठोपाठ आणखी तीन. शिवरात्रीलाच उगवलं म्हटल्यावर अव्वांच्या मनात दुसरा विचारच आला नाही. तेव्हापासून सकाळची लिंगपूजा झाली की तळहातावरच्या इष्टलिंगावरून ओघळलेलं, भस्म मिसळलेलं पाणी त्या रोपांना घालू लागल्या. लेकराच्या कपाळाला लावावं तसं चिमूटभर कोरडं भस्मही मुळाशी टेकवायच्या. दोन रोपं पहिल्याच मे महिन्यात गच्चीवर करपली. एक त्यांनी शेजारच्या कुसुमबाईंना दिलं. राहिलं ते एक, रांजणाजवळचं. ते जगलं की आपण पोराच्या दारात बसल्यासारखं, एवढंच अव्वांचं म्हणणं होतं.

दुपारी डोळा लागता लागता रांजणाचं ठिबकणं ओढ्यासारखं वाजायचं. ती तीन पानं वाढत वाढत पडवीच्या वर जायची, पत्रा नाहीसा व्हायचा, आणि अव्वा डोंगराच्या वाटेनं चढत असायच्या. दम लागायचा नाही. बर्फ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून स्वप्नात आभाळातून भस्मच पडायचं. पांढरं, हलकं, आवाज न करता. खांद्यावर, पदरावर, अमरनाथच्या दारावर. जाग आली की त्या उगीच पदर झटकायच्या.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी पानं पिवळी पडायला लागली. आधी शिरांच्या मधे, मग सगळीच. अव्वांनी सावली वाढवली, भस्म वाढवलं, देवाला सांगितलं. पिवळेपणा काही थांबेना.

त्याच दिवसांत त्या कुसुमबाईंकडे गेल्या. कुसुमबाई शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या. जिन्याखाली, तेलाच्या जुन्या डब्यात त्यांचं रोप उभं होतं, हिरवंगार. अव्वांना बरं वाटायला हवं होतं, पण ते टोचलंच.

"बाई, काय घालता हो ह्याला?"

"काही नाही. आठवेल तेव्हा पाणी. तेसुद्धा पावसाचं धरून ठेवलेलं, बोअरचं फार खारं आहे. तुम्ही?"

"देवाचं घालते. लिंगपूजेचं. आन् मुळाशी भस्म, रोज."

कुसुमबाईंनी चहाचा कप अव्वांपुढं सरकवला. मग हळूच म्हणाल्या, "रागावू नका, जगदेवीताई. भस्म म्हणजे शेणाचीच राख की हो. रोज पडत गेली की माती चुन्यासारखी होते. डोंगरातल्या झाडाला ती सोसत नाही."

"राख म्हणू नका, बाई," अव्वा म्हणाल्या आणि उठल्या. चहा तसाच राहिला.

घरी येऊन त्या कुंडीजवळ बसल्या. रोपाभोवती मातीवर पांढरा थर धरला होता. नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. हे सगळं आपल्याच हातचं. ज्या देवाच्या हातानं बी उगवली त्याचंच भस्म तिला मारील कसं? आणि आता आपण हात काढून घेतला आणि त्यानंही काढून घेतला तर? तर अमरनाथच्या दारातलं एवढंसं जे आपल्याकडे आलंय, तेही जाणार.

दुसऱ्या दिवशी पूजेला त्या बसल्या ते उठेनातच. शिवप्पा भाकरीची वाट बघून दारात आले.

"आज देव तुला सोडत न्हाई, का तू देवाला सोडत न्हाईस?"

"अवो, अमर तान्हा असताना त्याला आपण पंगतीतलं वाढलं होतं का?"

"त्याला दात कुठं होते?"

"मग तेवढ्यानं तो देवाचा न्हाई असं झालं का?"

"काय विचारून राहिलीस सकाळी सकाळी! भूक लागली मला."

अव्वा उठल्या. पूजेचं पाणी घेऊन अंगणात गेल्या आणि दारातल्या कण्हेरीच्या बुडाशी ओतलं.

मग शिवप्पांना म्हणाल्या, "दुकानातून एक उंच डबा आणा. ह्याचं मूळ खोल जातंय. बुडाला भोकं पाडून पाहिजेत."

"कोऱ्या डब्याला भोकं? गिऱ्हाइकानं बघितलं तर मलाच येडा म्हणंल," म्हणत त्यांनी चष्मा सारखा केला आणि स्वतःच खिळा-हातोडी घेऊन बसले. अव्वांनी वरचा पांढरा थर काढला. मानेखाली हात देऊन तान्हं उचलावं तसा मुळांसकट मातीचा गोळा उचलला, डब्यात ठेवला, भोवती कुजलेला पालापाचोळा आणि वाळू भरली. संध्याकाळी ताटलीत धपाटे झाकून त्या कुसुमबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"माझा चहा राहिला होता, बाई. आन् कळशीभर तुमचं पावसाचं पाणी पाहिजे."

कुसुमबाईंनी हसून आधण ठेवलं.

पण जुनी पानं काही सुधारली नाहीत. दोन वाळून गेली. श्रावण गेला, नवरात्र गेलं. रोज कण्हेरीला पाणी घालताना अव्वांच्या मनात यायचं, आपलं चुकलं तर नसेल? परत येऊन त्या राहिलेल्या पानाच्या पोटात बोट लावून बघायच्या. टणक लागायचं, बस्स तेवढंच. उदगीरला थंडी पडली, सकाळी चौकाचौकांत शेकोट्या पेटल्या, आणि एक दिवस त्या बोटाला काहीतरी टोकदार लागलं. वाकून बघितलं. घट्ट मिटलेलं, सुईसारखं नवं पान, हिरवं. कुठंही पिवळं नाही. अव्वांनी नुसते हात जोडले.

त्याच आठवड्यात अमरनाथचा फोन आला. "अव्वा, बर्फ पडून राहिलंय. बघ." फोनवर सगळं पांढरं झालं. अव्वांनी क्षणभर पाहिलं आणि फोन उलटा करून डब्यासमोर धरला.

"अव्वा, मला नुसती पानं दिसून राहिली."

"तुला न्हाई, त्याला दाखवून राहिले. हलू नको."

"आता झाडाला बी मोबाईल!" शिवप्पा म्हणाले. "त्याला काय कळतंय?"

"न कळू दे. बघू तर द्या."

तिकडून बराच वेळ फक्त वाऱ्याचा आवाज येत राहिला. मग अमरनाथ म्हणाला, "अव्वा, हात गारठला माझा."

"अजून जरा धर," अव्वा म्हणाल्या. "त्याचं बघून झालं न्हाई."