करंगळी जाईल एवढीच जागा

अण्णांच्या ड्रॉवरमध्ये एक पत्र्याची डबी आहे. घड्याळांच्या स्टीलच्या पट्ट्यांच्या कड्या जोडणाऱ्या, काढलेल्या जुन्या, वाकड्या पिना त्यात पडलेल्या असतात. टाकून द्यायच्या त्या, पण अण्णा टाकत नाहीत. एखादी चिमट्यात धरून उजेडात बघतात आणि म्हणतात, "ही कुणाची ठावं हाय?" झालं! पुढचा अर्धा तास कामाला सुट्टी. दीड वर्षात माझ्याकडेही अशी एक डबी भरली आहे. तिच्यातल्या काही पिना तुम्हाला दाखवते.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. सराफांच्या गुजरीजवळच्या बोळात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. आमचं घर जैन, अण्णांना सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं, त्यामुळे दुकान दिवसाउजेडीच बंद होतं. मी जर्मनीत मशीन डिझाइन शिकले. तिथे हातानं काम करणाऱ्या कारागिरांना किती मान आहे ते बघितलं आणि वाटलं, असा माणूस तर आपल्या घरात बसलाय! नोकरी घेतली नाही, सरळ परत आले.

येताना पट्ट्याच्या पिना काढायचा पूर्ण सेट आणला होता. पिन ठोकून बाहेर ढकलायचे अठरा बारीक पंच, स्क्रू फिरवून पिन ढकलणारं यंत्र, पट्टा धरायचा ठोकळा. सगळं फोममध्ये बसवलेलं. मी पेटी अण्णांसमोर मोठ्या अभिमानानं उघडली.

अण्णांनी चष्मा वर केला. "दवाखाना काढायचाय व्हय गं?"

त्यांच्याकडे काय होतं? एक पितळी हातोडी, बाभळीचा खाचा पाडलेला ठोकळा आणि तीन पंच. त्यातला एक शिलाई मशीनच्या सुईचं टोक घासून, लाकडी मुठीत बसवून केलेला. बस्स!

"मला शिकवा," मी म्हटलं.

"शिकवतो की. पण मी सांगंपतोर गिऱ्हाइकाच्या पट्ट्याला हात लावायचा न्हाय. ह्या मोडक्या पट्ट्यांवर बस."

मी मान डोलावली. मला काय माहीत, ते "सांगंपतोर" किती लांबणार होतं!

*

पिनेपेक्षा पंच जाड असेल तर तो भोकात अडकतो. फार बारीक असेल तर वाकतो किंवा पिनेवरून घसरून पट्ट्यावर चरा पाडतो. म्हणून योग्य पंच निवडणं हेच निम्मं काम. मी डिजिटल व्हर्नियरनं मापून निवडायची. अण्णा पिनेचं टोक नुसतं बघायचे, नखानं चाचपायचे आणि म्हणायचे, "आठ." म्हणजे मिलिमीटरच्या दहा भागांतले आठ.

मला हे पटेना. एक दिवस दहा पट्टे मांडले. अण्णांनी सांगायचं, मग पिन काढून मी मापायची. नऊ वेळा बरोबर! दहाव्या वेळी अण्णा म्हणाले "नऊ" आणि व्हर्नियरवर आलं सात.

"चुकलात, अण्णा!"

"सेल बदल त्याचा."

"काय?"

"सेलच्या दुकानात बसलीयास, सेल बदल की!"

बदलला. पुन्हा मापलं. नऊ!

*

गारगोटीचे एक निवृत्त गुरुजी आले. घड्याळ हातरुमालात बांधून आणलेलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्यांनी घरीच खिळ्यानं पिन ठोकली होती. पिन अर्धी वाकून आतच बसलेली.

मला वाटलं, अण्णा आता फाडून खाणार. अण्णांनी पट्टा उलटा केला आणि भिंग गुरुजींच्या हातात दिलं. "आतल्या बाजूला बघा. काय दिसतंय?"

"बाण!" गुरुजी चकित झाले. "बारीक बारीक बाण हायत की ओ!"

"पिन त्या बाजूला ढकलायची असती. तुमी उलटीकडनं ठोकलासा."

गुरुजी बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तीस वर्सं पोरांना भूगोल शिकवला. दिशा चुकली की पट्टी हातावर बसायची."

अण्णांनी हातोडी पुढे केली. "मग, मारू काय?"

गुरुजींनी खरंच हात पुढे केला! दुकानभर हसू फुटलं. वाकलेली पिन अण्णांनी तीन टिचक्यांत बाहेर काढली, पट्ट्यावर एक चरा नाही.

*

आता माझी लाज. अण्णा जेवायला घरी गेले होते. कसबा बावड्याकडचे एक गुऱ्हाळवाले मामा आले. ऐन हंगाम, घाईत. "ताई, एक कडी काढायची हाय फक्त. ढिलं पडलंय."

एक कडी! मी रोज मोडक्या पट्ट्यांच्या वीस काढत होते. अण्णा यायच्या आत होईल, असं वाटलं. बाण बघितला. पंच निवडला. सगळं नियमानं. पिन हलेना. हातोडी जरा जोरात मारली. हलेना. मग जर्मनीचं यंत्र काढलं, स्क्रू पिळला. टक्! यंत्राचं टोक तुटून खाली पडलं. पिन जागच्या जागी.

मामा म्हणाले, "लई बळाचा हाय वाटतं पट्टा."

तेवढ्यात अण्णा दारात. पट्टा उचलला आणि नाकाशी नेला. वास घेतला! मग घड्याळ पट्ट्यापासून सोडवून बाजूला ठेवलं, समोरच्या चहावाल्याकडून ग्लासभर गरम पाणी मागवलं आणि नुसता पट्टा त्यात सोडला. पाणी हळूहळू पिवळं झालं. दहा मिनिटांनी पट्टा पुसला, सुईचा पंच लावला, एक टिचकी. पिन सुळकन बाहेर!

"गूळ हाय त्यो," अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले. "गुळाला हातोडी मारत्यात व्हय?"

मामा गेल्यावर मी विचारलं, "मला कळायला पाहिजे होतं का?"

"माणसाचं मनगट बघितलं असतंस तर कळलं असतं. काकवीचे डाग होते कोपरापतोर. तू पट्टाच बघत बसलीस." मग थांबून म्हणाले, "अजून सा म्हयने."

*

काढलेल्या कड्या अण्णा कधीच ठेवून घेत नाहीत. कागदाच्या पुडीत बांधतात, वर नाव लिहितात आणि गिऱ्हाइकाच्या हातात देतात. "जपा. माणूस काय ऱ्हातोय व्हय हाय तेवढाच?"

राधानगरीकडचे एक दूधवाले अशी पुडी घेऊन आले. लग्नात सासुरवाडीचं घड्याळ मिळालं तेव्हा मनगट काडीसारखं होतं. पुडी देव्हाऱ्यात ठेवली होती, कागदाला हळदीकुंकू लागलेलं! अण्णांनी कड्या परत बसवल्या आणि आपली करंगळी पट्ट्याखालून घालून बघितली. ही त्यांची कायमची परीक्षा. करंगळी जाईल एवढीच जागा. जास्त नको, कमी नको.

दूधवाले मात्र नाराज. "ह्या कड्या लई चमकायल्यात, अण्णा. बाकीचा पट्टा जुना दिसतोय."

"चार म्हशी धुवा. हुतंय सारखं!"

*

गेल्या पावसाळ्यात अण्णांचं घड्याळ खाली-वर व्हायला लागलं. हातोडी उचलली की ते थेट कोपराकडे घसरायचं. आम्ही घरात सगळे बघत होतो. तपासण्या झाल्या. ऑपरेशन ठरलं.

दवाखान्यात जायच्या आदल्या सकाळी अण्णा दुकानात आले, पण आपल्या खुर्चीवर बसले नाहीत. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. घड्याळ काढून माझ्यासमोर ठोकळ्यावर ठेवलं.

"दोन काढ."

"मी?"

"मग काय, मी? मी गिऱ्हाईक हाय आज."

मी पट्टा उचलला नाही. आधी त्यांचा हात हातात घेतला आणि मनगट बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग बाण बघितले. सुईचा पंच घेतला. दोन्ही बाजूंनी एकेक कडी काढली, म्हणजे पट्ट्याचं कुलूप मनगटाच्या मधोमध राहील. घड्याळ त्यांच्या हातात घातलं आणि पट्ट्याखालून करंगळी सरकवली. बरोबर गेली. कड्या पुडीत बांधल्या. नाव लिहिताना मात्र पेन थांबलं.

"लिही की. कुणाच्या हायत कसं कळणार?" अण्णा म्हणाले. पुडी वरच्या खिशात घातली. "मी येईपतोर दुकान उघडं ऱ्हाऊ दे."

मी रोज उघडलं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी बोळाच्या तोंडाशी रिक्षा थांबली. अण्णा काकूंच्या खांद्याला धरून, हळूहळू, दोनदा थांबून दुकानापर्यंत आले. त्याच स्टुलावर बसले. दम खाल्ला. खिशातून पुडी काढून ठोकळ्यावर ठेवली.

मी मनगट बघितलं, जरा भरलं होतं. पुडी उघडली आणि दोन्ही कड्या बाहेर काढल्या.

अण्णांनी त्यातली एक उचलून परत पुडीत ठेवली.

"एकच घाल," ते म्हणाले. "फराळ व्हायचाय अजून."