भट्टीचा रंग

मिल बंद पडली तेव्हा बाबा बॉयलरवर होते आणि मी रसायनशास्त्रात पीएचडी करत होते. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत भर दुपारी घराघरांतले पुरुष ओट्यावर बसलेले दिसू लागले. बाबा मात्र रोज सकाळी दाढी करून सायकल काढायचे आणि तासाभरात परत यायचे. कुठे जाऊन आलात, हे आई विचारत नसे.

माझं काम प्लॅटिनमच्या अतिसूक्ष्म कणांवर चालू होतं. हे कण गाड्यांच्या धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करतात, पण फार तापले की एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि निकामी ठरतात. उष्णता सोसणाऱ्या एका ऑक्साइडचं सच्छिद्र आवरण घालून मला ते सातशे अंशांवर टिकवायचे होते. आठ महिन्यांत एकही नमुना टिकला नव्हता.

एकदा मी वही घरी विसरले. ती द्यायला बाबा प्रयोगशाळेत आले आणि भट्टीच्या झरोक्यापाशी थबकले.

"किती डिग्री आहे ही?"

"सातशे."

"नाही गं. नऊशेच्या वर आहे."

"बाबा, मीटर आहे ना!"

"मीटरला काय विचारते? रंग बघ. सातशेला काळपट लाल दिसतो, हा संत्र्यासारखा झालाय. पच्चीस साल आगच बघितली ना मी."

माझे पीएचडीचे मार्गदर्शक सर मागेच उभे होते. मला संकोच वाटला, पण सरांनी दुसऱ्या विभागातून मीटर मागवला. आकडा आला नऊशे तीस. आतली तापमान मोजणारी तार जागेवरून सरकली होती. आठ महिने मी चांगले नमुने जाळत होते.

तार नीट बसवल्यावर केलेला नमुना टिकला. सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो आले, त्यात कण सुटेसुटे होते. मी ते घरी बाबांना दाखवले. "खसखस पेरल्यासारखी दिसते," म्हणाले.

सरांनी त्यांना बाकीच्या विभागांच्या भट्ट्याही तपासायला दाखवल्या. तिथल्या एका प्राध्यापकांच्या ओळखीतून एका कारखान्यात, लोखंडाचे सुटे भाग तापवून कडक करतात तिथे, त्यांना कायमचं काम मिळालं. वर्षभरात त्यांनी मिलमधल्या दोघांना तिथे लावून घेतलं.

संध्याकाळी बाबा त्यांच्या भट्ट्यांच्या तक्रारी सांगायचे, मी माझ्या कणांच्या. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "तुम्हा दोघांना दुसरं काही सुचतं की नाही?"