दवाखान्यात पुकारलेलं आडनाव

आमचं आडनाव झरी गावात एकाच घराचं. शाळेत नवे गुरुजी ते हटकून चुकीचं लिहीत आणि वरून आम्हालाच दुरुस्त करत. आजा सांगायचा, निजामाच्या राज्यात आपल्यातला कुणी चौकीवर पाणी भरायचा. शिपाई त्याला ज्या दखनी शब्दानं हाक मारत, तोच झिजत झिजत आपलं आडनाव झाला.

ते आडनाव पुढं चालवायला आज्याला दोनच मुलगे, वडील आणि त्यांचा थोरला भाऊ. मी पाळण्यात असताना चुलता-चुलती ऊसतोडीला गेली. चुलती तिकडं फडावरच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. टोळी परतली, चुलता आला नाही. त्यानंतर दर उन्हाळ्यात वडील परतणाऱ्या टोळ्यांकडं त्याची चौकशी करत राहिले.

गेल्या हिवाळ्यात वडिलांना घेऊन परभणीच्या दवाखान्यात बसलो होतो. कंपाउंडरनं आमचं आडनाव पुकारलं. मी उठलो, तर समोरच्या बाकावरून तापानं फणफणलेला एक माणूसही उठला. हळद भरायला आलेला ट्रक ड्रायव्हर होता तो.

"गाव कोणतं तुमचं?" वडिलांनी विचारलं.

"सांगलीकडलं. पण आमचं वडील हिकडचं होतं. झरीचं."

वडिलांनी माझं मनगट धरलं. "होतं म्हंजी?"

"गेलं की. लई दिस झालं."

वडील तसेच बसून राहिले. त्यांचा नंबर निघून गेला.

संध्याकाळी त्याला घरी जेवायला आणलं. वडिलांनी हळूच विचारलं, "गावाकडं का न्हाई आला रे तो? म्या लय वाट पाह्यली."

भाकरी मोडता मोडता तो थांबला. "पहिल्या बायकोची आई हितंच असायची म्हणं. तिला काय तोंड दावू, म्हणायचं. पुढं पुढं गावाचं नावच काढंनात."

"म्हातारी तर त्याच साली गेली," वडील म्हणाले. "कुणीतरी सांगायला पायजे होतं त्याला."

सकाळी तो ट्रक घेऊन गेला. उन्हाळ्यात वडील वारले. दहाव्याला तो आला आणि माझ्या शेजारी बसून त्यानंही मुंडण केलं.

अधूनमधून त्याचा फोन येतो. परवा म्हणाला, "आमचं वडील तरणेपणी हसायचं का हो? आमी त्यास्नी हसताना कधी बघितलंच न्हाई."

मला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांना हे विचारायचं राहूनच गेलं होतं.